सोमारी कधी खेळलीच नाही

चंद्रपुरात साठीच्या आसपासची चार माणसं एकत्र बसली आणि त्यांतल्या एखाद्याने तरुणपणी मैदानावर घाम गाळलेला असला, की आजही सोमारीची गोष्ट निघते. कोणी सांगतं, तिच्या बॉलने समोरच्या मुलीची बॅट मधोमध चिरली. कोणी सांगतं, तिने उडता पोपट बॉल मारून पाडला. मागच्या वर्षी एका लग्नात जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी एका हातात ताट सांभाळत दुसऱ्या हाताने तिची फेक करून दाखवली आणि मागच्या बाईच्या पातळावर कढी सांडली. हे गृहस्थ तिच्या सामन्याच्या वर्षी चंद्रपुरात नव्हतेच, हे मला पक्कं ठाऊक होतं, पण मी गप्प राहिले. गप्प राहणं मला चांगलं जमतं, आणि हे प्रकरण त्याबद्दलच आहे. तर बॅटीला आधीच तडा गेलेला होता. पोपट कधी पडला नाही. आणि सोमारी जन्मात सॉफ्टबॉल खेळली नाही. ती सगळी वर्षं ती आपल्या गावात धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बकऱ्या राखत होती. खेळली ती तिची बहीण, कोसी. मी हे छातीवर हात ठेवून सांगू शकते, कारण तिचे बॉल मी झेलले आहेत, आणि माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट अजून पुरतं वळत नाही.

माझे बाबा लाकडाच्या डेपोत मुकादम होते. आमचं घर डेपोच्या कुंपणाला लागून, दोन खोल्यांचं, कौलारू. सकाळी आरा मशीन सुरू झाली की तिचा आवाज दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचा नाही, आणि थांबला की उलट आम्हाला कानात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. घरभर सागाचा भुसा. चुलीवर भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, हिवाळ्यात त्याच डाळीचे वडे, बाजाराच्या दिवशी सुकलेले झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी. माय वडे थापता थापता बोलायची आणि मी तिच्या हातांकडे बघत ऐकायची. आमच्या घरात देवांच्या जागी दोन तसबिरी होत्या, रविवारी त्यांच्यासमोर मेणबत्ती लागायची, वंदना व्हायची, आणि वंदनेनंतर माय हमखास नावांवर यायची. माझ्या आजीचं नाव कचरी होतं. गावाने ठेवलेलं. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते बदलून सुमन केलं आणि म्हातारपणी कोणी चुकून जुन्या नावाने हाक मारली तर आजी ओ द्यायची नाही, समोर उभी असली तरी. "नाव आपलं आपनच सांगाचं, दुसऱ्यानं ठेवलं तं ठेवून नाई घ्याचं," हे मायचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थ माझ्या लेखी उरलाच नव्हता. माझं नाव सुजाता तिनेच ठेवलं. घरात सगळे सुजी म्हणत, ते मात्र तिला चालायचं.

आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आणला वासेकर सरांनी. चंद्रपूर जिल्ह्याचे तेव्हा नुकतेच दोन झाले होते आणि नव्या जिल्ह्यात काहीतरी नवं व्हावं असं प्रत्येक मास्तराला वाटत होतं. सर अमरावतीला आठ दिवसांच्या शिबिराला गेले आणि परत येताना दोन बॅटी, पाच ग्लव्ह आणि एक जाडसर चेंडू घेऊन आले. मुलींचा संघ करायचा म्हणाले तेव्हा गावात कुजबूज झाली, पण सरांचा स्वभाव असा, की कुजबूज ऐकली की त्यांना चेव यायचा. बॅटवाली जिथे उभी राहते ती होम प्लेट बाबांनी सागाच्या फळीतून कापून दिली. तिच्या मागे बसून बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या तोंडावर लावायचा मुखवटा नव्हता, तर डेपोतल्या लोहाराने जाड तारेचा एक वाकवून दिला. तो घातला की मी मुसकं बांधलेल्या बैलासारखी दिसायची. कॅचर मी झाले, कारण मी बुटकी होते, रुंद होते आणि सरांच्या शब्दांत "ही हलत नाही".

कोसी आठवीत आली. शाळेला लागून आदिवासी मुलींचं वसतिगृह होतं. आतल्या गावांतल्या आश्रमशाळेत सातवी झालेल्या पोरी तिथे यायच्या. पहिले पंधरा दिवस ती कोणाशी बोलली नाही. पटावर नाव सोमारी. सर हजेरी घ्यायचे तेव्हा तिला हाक दोनदा मारावी लागायची, आम्हाला वाटायचं ऐकू कमी येतं. एक दिवस आमचा चेंडू कुंपणाबाहेर गेला आणि वसतिगृहाच्या अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या तिने तो उचलून परत टाकला. खांद्यावरून नाही टाकला. हात खाली सोडला, मागे नेला, डोक्यावरून पूर्ण एक फेरा फिरवला आणि कमरेपाशी सोडून दिला. चेंडू सरांच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसला आणि सरांच्या हातातून ग्लव्ह पडला. सर तिच्याकडे बघतच राहिले. शिबिरात आठ दिवस जी फेक कोणाला जमली नव्हती, ती ही पोर अनवाणी, तांदळाचं सूप मांडीवरून खाली ठेवून, करून मोकळी झाली होती.

"कोणी शिकवली?" सरांनी विचारलं.

"गोफन," ती म्हणाली. मग सूप पुन्हा मांडीवर घेत, "धानावर पाखरं येतेत."

लहानपणापासून तिने शेतातल्या मचाणावर उभं राहून गोफण फिरवली होती. घरी दोर तुटला की बापाने नवा वळेपर्यंत नुसत्या हातानेच तसा फेरा घेऊन दगड सोडायची. पाखरू मारायचं नाही, त्याच्या अगदी पुढे दगड गेला पाहिजे, म्हणजे ते वळतं, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. तिची सगळी पिचिंग त्यातच होती. बॅट जिथे येणार, त्याच्या वितभर पुढे बॉल निघून गेलेला असायचा. दुसऱ्या वर्षापर्यंत आरा मशीनवरची माणसं जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन कुंपणाशी येऊन बसायला लागली. बॉल माझ्या ग्लव्हमध्ये आदळला की होणारा आवाज डेपोत ऐकू यायचा, असं बाबा अभिमानाने सांगत. एका रेंजरसाहेबांनी पैज लावली की या पोरीचा बॉल मी मारून दाखवतो. कोट काढला, बाह्या सारल्या, तीन वेळा हवेत बॅट फिरवली आणि कोट घालून जीपमध्ये बसले. माझी बोटं सुजलेली असायची. माय त्यांना हळद लावायची आणि बडबडायची, "त्या पोरीले सांग जराशी हळू टाक मनून." मी कधी सांगितलं नाही. मला तो मार आवडायचा, आता कबूल करायला हरकत नाही.

रविवारी वसतिगृहातून तिला आमच्या घरी जेवायला यायची परवानगी मिळायला लागली. माझी माय तिला पुढ्यात बसवून वाढायची आणि ती मान खाली घालून भाताचा डोंगर संपवायची. अशाच एका रविवारी वंदना झाल्यावर माय आजीच्या नावाची गोष्ट सांगत होती, नेहमीचीच, आणि मी कंटाळून दाराबाहेर बघत होते. कोसी मात्र हात तसाच ताटात ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "माहं नाव सोमारी नाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावात आश्रमशाळेचे गुरुजी पट भरायला आले तेव्हा मोठ्या बहिणीचं, सोमारीचं नाव लिहून घेतलं. सोमारी उशिरा, नवव्या वर्षी, पहिलीत तीन महिने बसली. मग घरी तान्हं मूल आलं, ते सांभाळायला तिला ठेवून घेतलं. पटावरचं नाव तर कमी करता येईना, तपासणी आली की डोकी मोजून दाखवावी लागत. गुरुजी घरी आले आणि म्हणाले, मोठी नाही तर धाकटी द्या, जागा भरली म्हणजे झालं. म्हणून कोसी सोमारीच्या जागी जाऊन बसली. पुढे परीक्षा झाल्या, दाखला आला, सगळीकडे सोमारी. वयही सोमारीचं, तीन वर्षांनी जास्त. त्या भागात असं होतंच, ती म्हणाली; तिच्या वर्गात आणखी दोघी अशा होत्या. खोटेपणा केला असं तिच्या घरात कोणाला वाटलंच नव्हतं. गुरुजी सरकारचा माणूस, आणि सरकारच्या माणसानेच तसं सांगितलेलं.

"सरले नको सांगू," ती मला म्हणाली. "शाळेतून काढतील."

मी शपथ घेतली. मायने चूल सारवायला घेतली. मग म्हणाली, "शाळेत काहीबी असू दे. ह्या घरात तू कोसी." त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत ती कोसी आणि बाहेर सोमारी. मला हे फार मजेचं वाटायचं. दोन नावांची मैत्रीण गावात दुसऱ्या कोणाला नव्हती.

तिसऱ्या वर्षी आम्ही दहावीत होतो. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, आणि विभागाच्या सामन्यांसाठी चंद्रपूरला निघालो. सरांनी मला एकटीला गाठून सांगितलं होतं की हे सामने जिंकले तर सोमारीची राज्याच्या संघात निवड नक्की, आणि तिथून खेळाच्या सरकारी वसतिगृहात. राहणं, खाणं, पुढचं शिक्षण, आणि पुढेमागे पोलिसात भरती. "पण हे तिचं शेवटचं वर्ष आहे," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी कागदावर तिचं वय बसत नाही." खरं तर तिच्यापुढे अजून तीन वर्षं होती. पण ती कोसीची वर्षं होती, आणि कोसी कुठेच लिहिलेली नव्हती. नाही गेली तर काय, हे तिलाही ठाऊक होतं. गावात सोमारीचं लग्न ठरलं होतं, मोठीचं झालं की धाकटीचा नंबर. कोसीने हे मला एसटीत सांगितलं, खिडकीच्या गजाला डोकं लावून, आणि मग विचारलं की पोलिसाले बूट सरकार देते का.

अंतिम सामना सकाळचा होता. नागपूरच्या एका मोठ्या शाळेचा संघ समोर. त्यांच्या सगळ्यांना सारखे बूट होते, आमच्यापैकी चौघींना. सामना सुरू व्हायच्या आत मैदानाच्या कडेला मला एक माणूस दिसला, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर टोपली. कोसी पळत त्याच्याकडे गेली आणि त्याच्यासमोर नुसतीच उभी राहिली. तिचा बा, चैतू. सोमारीच्या लग्नाचं सामान घ्यायला अहेरीपर्यंत आला होता, तिथे कोणीतरी सांगितलं की तुझ्या पोरीचा खेळ चंद्रपूरला आहे, तर टोपलीत सीताफळं घेऊन आणखी एक बस पकडून तो आला. तो येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याला काही सांगून ठेवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. लाकूड कटाईच्या कामावर मजुरी करून शिकलेलं थोडंसं मराठी त्याला येत होतं. मला म्हणाला, "जोहार. तूच का सुजी? घरी नाव काढते तुहं," आणि सगळ्यात पिकलेलं सीताफळ निवडून माझ्या हातात दिलं.

शेवटच्या डावापर्यंत आम्ही एका रनने पुढे होतो. त्यांची बॅटिंग. दोन आऊट झाल्या, तिसरी झाली की सामना आमचा, आणि मग नागपूरच्या बाकावरच्या मुलींनी टाळ्या वाजवत एक सूर धरला. सो-मा-री, सो-मा-री, आणि पुढे जंगल, माकड, झाड, जे तोंडाला येईल ते. त्यांना गंमत वाटत होती. पोरी पोरींना चिडवतात, मीही चिडवलं आहे. पण मी तारेच्या मुखवट्यातून कोसीचा चेहरा बघत होते आणि मला दिसत होतं की ही चिडवाचिडवी तिच्यावर पडतच नाहीये. ती तिच्या बहिणीवर पडत होती, जिने तिच्यासाठी बकऱ्या राखल्या, आणि बाप कडेला उभा राहून ते ऐकत होता. तिचा हात सुटेना. चार बॉल बाहेर, म्हणजे समोरची मुलगी फुकटात पहिल्या बेसवर. दुसरी मुलगी, चार बॉल बाहेर. मी वेळ मागून तिच्यापाशी गेले, पाठीवर हात ठेवला, पण ती माझ्याकडे बघेचना. तिसरीलाही चार बॉल बाहेर. तिन्ही बेस भरले. मी पुन्हा वेळ मागितली तर अंपायरने मान हलवली, एकदा दिली आहे म्हणाला. मी ओरडले, सोमारी, सोमारी, इकडे बघ. त्या गोंगाटात माझी हाकही त्यांच्यातच मिसळून गेली. मी ओरडत होते तेच त्या ओरडत होत्या.

तेव्हा मी मुखवटा वर सारला आणि सगळा जीव गोळा करून हाक मारली, "कोसी! ए कोसी! माह्याकडं पाय!"

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते तोंडून निसटलं. निसटलं नाही. दुसऱ्या नावाने ती ऐकणार नाही हे मला कळत होतं आणि मी ते नाव जाणूनबुजून घेतलं. शपथही आठवली होती, अगदी हाक मारण्याच्या आधी. पण मला जिंकायचं होतं.

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग तीन बॉल टाकले, आणि ते तीन बॉल कसे होते हे मला सांगता येत नाही, कारण मला तेही नीट दिसले नाहीत; फक्त हात तीनदा मागे ढकलला गेला. मुलीने तीनदा बॅट फिरवली आणि सामना संपला. आमच्या पोरींनी कोसीला उचललं. सर रडत होते. मी मात्र वळून नागपूरच्या बाकाकडे बघत होते, कारण हाक मारली तेव्हा तिथे बसलेल्या त्यांच्या व्यवस्थापकाने, पांढरी टोपी घातलेल्या जाड गृहस्थाने, मान वळवलेली मी पाहिली होती. आता ते हातातल्या यादीवरून बोट फिरवत होते. स्पर्धांमध्ये नावं आणि वयं फिरवण्याचे प्रकार त्यांनी आयुष्यभर पाहिले असणार. ते उठले आणि सरळ चैतूकडे गेले.

मी नळावर पाणी प्यायला गेले होते. चहाची टपरी नळाला लागून. त्यांनी चैतूला चहा दिला, बिस्कीट दिलं, शेजारी बसवून घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाने शेजारी बसवलं म्हणून चैतू पार अवघडून गेला होता.

"बॉल टाकत होती ती पोरगी तुमचीच ना? फार छान खेळली. नाव काय तिचं?"

"कोसी," चैतू म्हणाला. किती आनंदाने म्हणाला. "माही धाकली."

"आणि सोमारी?"

"सोमारी घरी हाय ना. मोठी ते. तिचं लगीन हाय आता."

मी चार पावलांवर होते. ओंजळीतून पाणी गळून गेलं. पुढे होऊन काका, चला, सर बोलावतात, एवढं म्हटलं असतं तरी काही झालं असतं का, कोण जाणे. मी काही म्हटलं नाही.

पुढचं सगळं एका खोलीत झालं, टेबलापलीकडे स्पर्धा भरवणारी चार माणसं, भिंतीला लागून आम्ही. वासेकर सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांना ठाऊक नव्हतं यावर कोणाचा विश्वास बसला नाही. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो, रागावलेला नाही, विझलेला. चैतूला आत बोलावलं. तो पुन्हा तेच म्हणाला, "गुरुजीनं म्हटलं होतं, मोठी नाई तं धाकली आना," आणि आपण काहीतरी बिघडवलं आहे हे ओळखून एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. चषक नागपूरला गेला. त्याचं मला काही वाटत नाही. पण आठवड्याभरात आमच्या मुख्याध्यापकांनी सोमारीचं नाव पटावरून कमी केलं, कारण दाखला एकीचा आणि मुलगी दुसरी. मग कोसीच्या नावाने दहावीला बसवा, असं सर त्यांच्या पाया पडायच्या बेताने म्हणाले. तर कोसीच्या नावावर पहिलीचाही दाखला नव्हता. सरकारच्या हिशेबी ती शाळेत कधी आलीच नव्हती. नऊ वर्षं बाकावर बसलेली, वर्गात गणिताला पहिली येणारी पोर निरक्षर ठरली.

चैतू तिला न्यायला आला. मी बसस्टँडवर गेले. मायने डबा दिला होता, लाखोळीचे वडे. कोसीची पत्र्याची पेटी टपावर चढवली गेली. चैतू माझ्यापाशी आला. "मी बोललो," तो म्हणाला. "माह्या तोंडानं झालं, पोरी. कोनी विचारलं अन मी सांगून देल्लो." त्याने स्वतःच्या तोंडावर एक चापट मारून घेतली. आसपासची माणसं बघायला लागली. माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं, काका, आधी मी बोलले, तुमच्याआधी. मी डबा पुढे केला आणि म्हटलं, "वडे आहेत, गरम आहेत." कोसी खिडकीतून माझ्याकडे बघत होती. ती निरोप घेते आहे असं मी समजले. घरी मायने विचारलं, हे बाहेर कसं पडलं ग? मी म्हटलं, तिच्या बापाने सांगितलं. यात एकही शब्द खोटा नव्हता.

मी दहावी झाले, डीएड केलं, मास्तरीण झाले. पटावर नाव लिहिताना मी पोरांना त्यांचं नाव दोनदा विचारते, बापाला बाहेर नेऊन पुन्हा विचारते; सोबतचे शिक्षक याला माझं खूळ म्हणायचे. कोसीच्या गावाकडची बदली दोनदा आली, दोन्ही वेळा मी रद्द करून घेतली. मुलीच्या शाळेचं कारण दिलं. निवृत्त झाले त्या वर्षी माय वारली. तिच्या सामानात तो तारेचा मुखवटा निघाला, जुन्या लुगड्यात बांधलेला. तो हातात घेतला आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले.

कोसी अंगणात तेलाच्या बिया काढायला मोहाच्या टोऱ्या, म्हणजे फळं, फोडत होती. केस पांढरे, डोळे तेच. मला तिने आधी ओळखलं. पाणी दिलं, बाज टाकली, नातवाला हाकललं. तिच्या मराठीतून शाळा पुसून गेली होती. बा पाच वर्षांपूर्वी गेला, म्हणाली. मी फार वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि मग एका दमात सांगून टाकलं.

"कोसी, त्या दिवशी तुह्या बाच्या आधी मी बोलली होती. मी तुह्या नावानं आवाज देला, तो टोपीवाल्यानं आयकला. मनून त्यानं बाले विचारलं."

"मालूम हाय," ती म्हणाली.

"कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? मलेच तं आवाज देला तुनं. मी नाई आयकीन का?"

इतकी वर्षं मी ही गोष्ट तिच्यापासून लपवत होते आणि हाक जिला मारली तिने ती ऐकली असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मंग तवाच काऊन नाई बोलली?"

"तुले बी काढलं असतं ना. एक तं गेलीच होती."

मला हलकं वाटलं. ते लपवत नाही. एवढ्यावर हे संपलं, असं मला वाटलं, आणि रडूही आलं. तिने मला रडू दिलं. मग दगडाने एक टोरी फोडून बी बाजूला टाकत म्हणाली, "पन बाले तुनं सांगाले पायजे होतं. त्यानं मंग कोनालेच नाव नाई सांगतलं. गावात सायेब आला का आत जाऊन बसे. राशनवाल्याले नाई, मतवाल्याले नाई. बकरीचं नाव विचारलं तं तेबी नाई सांगे."

"तू सांगाचं होतं त्याले."

"दहा डाव सांगतली. म्हटलं, सुजीनं आवाज देला मनून झालं, तुह्यानं नाई झालं. तो माने नाई. म्हने, तू माह्यासाठी मैतरनीवर ढकलून राह्यली. ते पोरगी बसस्टँडवर आली होती. तिचं असतं तं ते बोलली नसती का?"

ती टोऱ्या फोडत राहिली.

दुपारी तिने मला गावाबाहेर नेलं. तिथे त्यांच्या गेलेल्या माणसांचे उभे दगड आहेत, मोहाच्या झाडांखाली, रांगेने. दगडांवर नावं लिहीत नाहीत. तिने मधला एक दाखवला. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगायला लागले, मोठ्याने, मैदान, बेस, हाक, नळ, चहा. कोसीने माझ्या दंडाला हात लावून थांबवलं. "बाले मराठी कमी समजे," ती म्हणाली. "माडियात सांग." मला माडिया येत नाही. तिच्यासोबत तीन वर्षं काढली आणि चार शब्दही शिकले नव्हते. मग मी एक वाक्य बोलायची आणि ती ते त्या दगडाला तिच्या भाषेत सांगायची. असं शेवटपर्यंत सांगून झालं. म्हणजे या खेपेलाही त्याला ते तिच्याच तोंडून ऐकावं लागलं.